जुन्या जातीच्या कोंबड्या: कळप उभा करणं आणि वंश राखणं

दहा कोंबड्या आणि एक कोंबडा. घरच्या शेतावरचे बहुतेक कळप असेच सुरू होतात. अंड्यांपुरतं पाहिलं तर यात काही वावगं नाही, पण जात टिकवायची असेल तर पहिली चूक इथेच होते. अंडी कोणीही उबवू शकतं. वंश राखायचा तर दोनच गोष्टींवर लक्ष ठेवावं लागतं: कळपात एकमेकांचे सख्खे नसलेले किती नर आहेत, आणि निघालेल्या पिल्लांतून आपण कोणती ठेवतो. खुराडं, खाद्य, लसीकरण हे सगळं नीट हवंच, पण ते या दोन गोष्टींच्या सोयीसाठी.

जुनी जात कशाला म्हणायचं? अमेरिकेतल्या ‘द लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी’ या संस्थेच्या कसोट्या सोप्या आणि उपयोगी आहेत. जात नैसर्गिक मीलनाने वाढली पाहिजे. मादी 5 ते 7 वर्षं आणि नर 3 ते 5 वर्षं उघड्यावर कामाला आले पाहिजेत. वाढ सावकाश असावी, म्हणजे बाजाराच्या वजनाला यायला 16 आठवड्यांहून कमी लागू नयेत. असील, कडकनाथ, ऱ्होड आयलंड रेड, प्लायमथ रॉक, वायनडॉट, ऑर्पिंग्टन ही ठळक नावं. सहा-सात आठवड्यांत तयार होणाऱ्या ब्रॉयलरशी यांची तुलना करू नका. हळू वाढल्यामुळेच यांची हाडं आणि काळीज शरीराचं वजन पेलतं.

एका शेतावर एकच जात ठेवा. तीन जातींचे पाच-पाच पक्षी ठेवले तर तिन्ही जाती बिघडतात.

नरांचा हिशेब

नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. या गणितातून कळपाची खरी, प्रजननाच्या दृष्टीने मोजायची संख्या कळते. एक नर आणि दहा माद्या असतील तर उत्तर येतं 3.6, म्हणजे दिसायला अकरा पक्षी, पण रक्ताच्या हिशेबाने चारसुद्धा नाहीत. दर पिढीला वाढणारं इनब्रीडिंग (जवळच्या नात्यातलं प्रजनन) म्हणजे एक भागिले या संख्येची दुप्पट, इथे जवळजवळ 14 टक्के. आता माद्या तीस करा आणि नर एकच ठेवा. उत्तर फक्त 3.9 होतं. वीस कोंबड्यांचं खाद्य वाढलं आणि हाती काहीच लागलं नाही. तेच तीन नर आणि बारा माद्या घेतल्या तर 9.6, पिढीमागे पाच टक्क्यांच्या आसपास. पाच नर आणि पंधरा माद्या असतील तर 15, म्हणजे साधारण 3.3 टक्के.

सख्ख्या भावंडांचं मीलन वर्षानुवर्षं होत राहिलं तर आधी उबवण घटते. अंडी फळलेली असतात, पण गर्भ शेवटच्या आठवड्यात मरतात. मग पिल्लं मंदावतात, माद्यांची अंडी कमी होतात, रोग लवकर धरतो. हे इतकं सावकाश होतं की तीन-चार वर्षं दोष खाद्याला किंवा इन्क्युबेटरलाच दिला जातो.

छोट्या शेतासाठी सर्वांत सुटसुटीत पद्धत तीन गटांची. लाल, निळा, पिवळा अशी नावं द्या. प्रत्येक गटात चार माद्या, एक नर आणि एक राखीव नर. नियम एकच: मुलगी आईच्या गटात राहते, मुलगा पुढच्या गटात जातो. लालचे नर निळ्यात, निळ्याचे पिवळ्यात, पिवळ्याचे लालमध्ये. एवढं पाळलं की सख्ख्या भावंडांची जोडी जुळतच नाही आणि अनेक वर्षं बाहेरून पक्षी आणावा लागत नाही. राखीव नर कमी करण्याचा मोह टाळा. मुंगसाने एकुलता एक नर नेला तर तो गट तिथेच संपतो.

त्यासाठी वर्षभर तीन खुराडी लागत नाहीत. माद्यांच्या पायात गटाच्या रंगाची कडी घालून त्या एकत्र राहू द्या, नर वेगळे ठेवा. फक्त उबवायची अंडी गोळा करायच्या काळात तीन जाळीबंद कप्पे लागतात. मात्र एक गोष्ट विसरू नका. मादीच्या शरीरात नराचं बीज दोन ते तीन आठवडे जिवंत राहतं. म्हणून आधीच्या नरापासून वेगळं केल्यावर पूर्ण तीन आठवडे थांबा आणि मगच अंडी उबवायला घ्या. ही घाई केली की वहीत एक बाप आणि रक्तात दुसरा.

खुराडं

खुराड्यात दर पक्ष्यामागे 0.35 चौरस मीटर आणि बाहेरच्या आवारात किमान एक चौरस मीटर जागा असावी. बसायची दांडी पाच सेंटिमीटर रुंद, कडा घासून गोल केलेल्या, पक्ष्यामागे 20 ते 25 सेंटिमीटर. भारी जातींसाठी दांडी फार उंच ठेवू नका. उडी मारून उतरताना तळव्याला मार बसतो, गाठ होते, आणि पाय दुखणारा नर माद्यांकडे फिरकत नाही. अंडी घालायची पेटी 30 बाय 30 बाय 35 सेंटिमीटरची, चार-पाच माद्यांमागे एक, आणि दांडीपेक्षा खालच्या पातळीवर. पेटी उंच असेल तर कोंबड्या रात्री तिथेच झोपतात आणि अंडी शिटीने माखतात.

हवा छताजवळून खेळली पाहिजे, दांडीवर बसलेल्या पक्ष्यांच्या अंगावर थेट झोत नको. आत शिरल्यावर डोळे चुरचुरले तर अमोनिया साठला आहे. जमिनीवर गादी म्हणून अंथरलेली तूस किंवा रंध्याची ढलपी हलवा, ओली झाली असेल तेवढी काढा. षटकोनी तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. रात्रीच्या खुराड्याला 13 मिलिमीटर चौकोनाची वेल्डेड जाळी लावा आणि तळाशी तीच जाळी बाहेरच्या बाजूला 30 सेंटिमीटर आडवी पसरून मातीने झाका. घूस आणि मुंगूस भिंतीलगतच उकरतात. जाळी लागली की मागे हटून उकरायचं त्यांना सुचत नाही.

खाद्य

पिल्लांना पहिले आठ आठवडे 20 ते 22 टक्के प्रथिनांचं खाद्य, त्यानंतर पहिलं अंडं येईपर्यंत 16 ते 18 टक्के. जुन्या जातीच्या तलंगा (पहिल्यांदाच अंड्यावर येणाऱ्या तरुण माद्या) साधारण 22 ते 28 आठवड्यांना अंड्यावर येतात. पिशवीवर 18 आठवडे लिहिलेलं असतं म्हणून तेव्हाच लेयर (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य सुरू करू नका. त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, आणि अंडी न घालणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडावर त्याचा भार पडतो. नरांनाही हेच लागू. म्हणून मिश्र कळपाला 16 टक्क्यांचं साधं खाद्य आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्याचा चुरा, ही मांडणी सर्वांत चांगली. ज्या मादीला हवं ती खाते.

एक मोठी कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते आणि त्याच्या दुप्पट पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. दाणे वरचा खाऊ म्हणूनच, एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत. नुसत्या मक्यावर पोसलेली कोंबडी चरबी धरते आणि अंडी थांबवते.

उबवायच्या अंड्यांसाठी तयारी सहा आठवडे आधी सुरू होते, कारण मादीने जे खाल्लं तेच बलकात उतरतं. जीवनसत्त्व ब2 कमी पडलं तर गर्भ मधल्या आठवड्यात मरतात किंवा बोटं आत वळलेली पिल्लं निघतात. हिरवा पाला, मोकळं चरणं आणि ताजं खाद्य द्या. महिनोन्महिने साठवलेल्या खाद्यातली जीवनसत्त्वं उडालेली असतात.

नराचं वजन या काळात दर आठवड्याला तपासा. चांगला कोंबडा दाणा सापडला की माद्यांना हाक मारतो आणि स्वतः उपाशी राहतो. छातीचं हाड हाताला धारदार लागलं तर त्याला सकाळ-संध्याकाळ अर्धा तास वेगळं खाऊ घाला.

अंडी फळलेली आहेत का?

अंडी उबवायला ठेवण्याआधी त्याच गटाची चार-पाच अंडी फोडून पाहा. बलकावरचा पांढरा ठिपका लहान, घट्ट, कडा वेड्यावाकड्या असा असेल तर अंडं कोरं. ठिपका सुमारे चार मिलिमीटरचा, गोल कड्यासारखा दिसला तर फळलेलं.

सगळी कोरी निघाली तर नराकडे पाहा. ऑर्पिंग्टन किंवा कोचीनसारख्या दाट पिसांच्या जातीत दोघांच्याही गुदद्वाराभोवतीची पिसं कात्रीने कमी करावी लागतात. कडक उन्हाळ्यात नराची क्षमता काही आठवडे उतरते. नराच्या पायांवरचे काटे वाढले असतील तर माद्या पाठ सोलवटते म्हणून त्याला टाळतात. काट्यांची टोकं घासून बोथट करा. वायनडॉटमध्ये आणखी एक गुंता आहे. गुलाब तुऱ्याचे (चपट्या, दाणेदार तुऱ्याचे) जनुक दोन्ही बाजूंनी मिळालेल्या नराची फलनक्षमता कमी असते. त्यामुळे साध्या एकेरी तुऱ्याची पिल्लं निघाली की ती सगळी काढून टाकणारा माणूस नकळत कळपाची उबवण खाली आणतो. साध्या तुऱ्याच्या एक-दोन चांगल्या माद्या ठेवाव्यात.

उबवण

अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला. स्वच्छ, मध्यम आकाराची, कवच एकसारखं असलेली निवडा. धुऊ नका, धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो. निमुळतं टोक खाली करून 12 ते 18 अंश सेल्सिअसला ठेवा, सात दिवसांच्या पुढे साठवू नका. तलंगेची पहिल्या महिन्या-दीड महिन्याची अंडी घेऊ नयेत. लहान अंड्यातून लहान आणि अशक्त पिल्लू निघतं.

खुडूक कोंबडी मिळाली तर तिच्यासारखं यंत्र नाही. तिच्या अंगावर उवा-पिसवा नाहीत हे आधी तपासा. मग तिला रात्री, वेगळ्या अंधाऱ्या जागी, पेन्सिलीने खूण केलेल्या 8 ते 12 अंड्यांवर बसवा. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटं उठते. दाणा-पाणी जवळ हवं. इतर कोंबड्यांनी त्यात अंडी घातली तर बिनखुणेची रोज काढा.

इन्क्युबेटर पंख्याचा असेल तर 37.5 अंश ठेवा. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला 38.5 ते 39 अंश. सोबत आलेल्या तापमापकावर विसंबू नका. कोमट पाण्याच्या वाटीत तो आणि ताप मोजायचा थर्मामीटर एकत्र बुडवा आणि फरक किती येतो ते डब्यावर लिहून ठेवा. अर्ध्या-एक अंशाची चूक संपूर्ण खेप घालवते.

अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. संख्या विषम असावी, म्हणजे रात्रीचा लांब वेळ दर दिवशी वेगळ्या बाजूवर जातो. आर्द्रता पहिले 18 दिवस 50 टक्क्यांच्या आसपास, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे वजन. 18 व्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन 12 ते 13 टक्के घटायला हवं, म्हणजे 60 ग्रॅमचं अंडं साडेबावन्नच्या आसपास यावं. दर सहा दिवसांनी तेच ट्रे तोलत चला. घट कमी असेल तर पाणी कमी करा, जास्त असेल तर वाढवा.

सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडी पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर गर्भ आहे. स्वच्छ दिसलं तर कोरं, रक्ताचं कडं दिसलं तर गर्भ मेला. गडद कवचाच्या अंड्यांना दहाव्या दिवसापर्यंत मुदत द्या. 18 व्या दिवशी फिरवणं थांबवा आणि त्यानंतर झाकण उघडू नका. पिल्लाने चोचीने पहिला टवका काढल्यापासून बाहेर पडेपर्यंत 12 ते 24 तास लागतात. या वेळात ते उरलेला बलक आत ओढून घेत असतं आणि कवचाच्या आतल्या शिरा सुकत असतात. आपण कवच सोलून मदत केली तर रक्तस्राव होतो, आणि जगलंच तर एक कमकुवत पक्षी कळपात जातो.

21 दिवस झाल्यावर न फुटलेलं प्रत्येक अंडं, आणखी दीड-दोन दिवस थांबून, फोडून पाहा. वास सहन करा, इतकी माहिती दुसरीकडे कुठेच मिळत नाही. सुरुवातीच्या चार दिवसांतलं रक्ताचं कडं असेल तर साठवण किंवा हाताळणी चुकली. मधल्या आठवड्यात मेलेले गर्भ मादीच्या खाद्याकडे बोट दाखवतात. पूर्ण वाढलेलं पण टवका न काढलेलं पिल्लू ओलं, फुगलेलं दिसलं तर आर्द्रता जास्त होती. टवका काढून तिथेच सुकून चिकटलेलं असेल तर शेवटी आर्द्रता कमी पडली. पिल्लं 20 व्या दिवसाआधी, बेंबी कच्ची ठेवून निघाली तर तापमान जास्त होतं. उशिरा, पोट सुटलेली निघाली तर कमी होतं.

पहिले सहा आठवडे

अंगातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस काढू शकतं, म्हणून सुकेपर्यंत यंत्रातच राहू द्या. ब्रूडरमध्ये (पिल्लांना दिव्याची ऊब देणाऱ्या कप्प्यात) पिल्लाच्या पाठीच्या उंचीला पहिल्या आठवड्यात 33 ते 35 अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. तापमापकापेक्षा पिल्लं खरं सांगतात. दिव्याखाली ढीग करून किंचाळत असतील तर थंडी, कडेला चोच उघडी ठेवून पसरली असतील तर उष्णता, एकाच बाजूला गोळा झाली असतील तर कुठून तरी झोत येतो आहे. दिवा साखळीने टांगा, नुसता चिमटा निसटून आग लागते. टेफ्लॉनचा थर असलेला बल्ब कधीही लावू नका, तापल्यावर त्यातून निघणारा वायू पिल्लांना मारतो.

25 पिल्लांना चार आठवड्यांपर्यंत सव्वा चौरस मीटर जागा पुरते, नंतर दुप्पट लागते. गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका, पाय फाकतात. फाकलेले पाय पहिल्या दोन दिवसांत मऊ चिकटपट्टीने दोन सेंटिमीटर अंतर ठेवून बांधले तर तीन-चार दिवसांत सरळ होतात. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवा. गुदद्वाराला शीट चिकटून बंद झालेलं दिसलं तर कोमट पाण्याने भिजवून काढा, ओढू नका.

जन्मल्या दिवशीच गटाची खूण करा. पायाच्या बोटांमधल्या चार पडद्यांना भोक पाडायचं किंवा नाही, यातून 16 खुणा होतात. भोक बुजू शकतं, म्हणून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तपासा.

रोग

नवीन पक्षी 30 दिवस वेगळा. त्याची भांडी वेगळी, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी. या एका नियमाने जितके कळप वाचतात तितके औषधांनी वाचत नाहीत. मानमोडी, देवी आणि मारेक यांच्या लसी आहेत. मारेकची लस जन्मल्या दिवशीच द्यावी लागते, बाकीचं वेळापत्रक आपल्या भागातल्या पशुवैद्यकाकडून घ्या. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत शीट रक्ताळली, पंख लोंबले तर रक्ती हगवण समजा. गादी कोरडी करा आणि पशुवैद्यकाच्या मात्रेने पाण्यातून अॅम्प्रोलियम लगेच सुरू करा. वाट पाहण्यात दोन दिवस गेले तर अर्धी खेप जाते.

लाल पिसवा दिवसा कोंबडीवर नसतात, दांडीच्या फटीत असतात. रात्री बॅटरी घेऊन दांडीची खालची बाजू पाहा. पायाचे खवले उचललेले दिसले तर कोमट पाण्याने धुऊन पेट्रोलियम जेलीचा जाड थर आठवड्यातून दोनदा, महिनाभर लावा.

वंशाच्या दृष्टीने सर्वांत घातक म्हणजे अंड्यातून पिल्लात जाणारे रोग, पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा. मायकोप्लाझ्माची सर्दी-घरघर होऊन बरा झालेला पक्षी वाहक राहतो. त्याची अंडी कधीही उबवू नका, मग तो कितीही देखणा असो. प्रजननाचा कळप ठरवण्याआधी रक्ततपासणी करून घ्या. अनेक पक्षी अचानक मेले तर मेलेला पक्षी उघडू नका, हातमोज्यांशिवाय हात लावू नका, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवा.

निवड

निवडीसाठी आधी संख्या हवी. दहा पिल्लांतून निवड होत नाही. 50 निघाली तर सुमारे 25 नर होतात, त्यातले पाच-सहा ठेवायचे.

पहिली चाळणी आठव्या आठवड्याला. सगळ्यांचं वजन करा, व्यंग असलेली आणि मागे पडलेली बाजूला काढा. दुसरी सोळाव्या आठवड्याला, डोळ्यांनी नव्हे, हातांनी. पाठ रुंद आणि शेवटपर्यंत तशीच, छातीचं हाड सरळ आणि लांब, पायांमध्ये अंतर, गुडघे आत वळलेले नाहीत. रंग आणि तुरा सर्वांत शेवटी पाहायचे. पिसांचा रंग दोन-तीन पिढ्यांत सुधारता येतो, गेलेलं शरीर परत आणायला फार वर्षं लागतात. स्वभावही याच वेळी पाहा. माणसावर धावून येणारा नर कितीही भरदार असला तरी ठेवू नका, तो स्वभाव मुलांत उतरतो.

माद्यांची परीक्षा अंड्यावर आल्यावर. गुदद्वाराच्या दोन बाजूंच्या टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटं आणि त्या हाडांपासून छातीच्या हाडापर्यंत तीन-चार बोटं मावली तर मादी अंड्यावर आहे. पिवळ्या कातडीच्या जातींत अंडी घालताना रंगही उतरतो: आधी गुदद्वार, मग डोळ्याभोवती, कान, चोच आणि शेवटी पाय. फिक्या पायांची कोंबडी बरेच महिने घालते आहे.

उबवायची अंडी शक्यतो दोन वर्षांपुढच्या माद्यांची घ्या. एक हंगाम, एक पीसझड आणि एक पावसाळा-हिवाळा निरोगी काढलेली मादी जे सिद्ध करते ते तलंग करू शकत नाही. जुन्या मादीला तरणा नर, तलंगांना जुना नर, अशी जोडी लावली तर कळपात दोन्ही वयांचं रक्त राहतं. उरलेले नर बाराव्या आठवड्याला वेगळे करा आणि 16 ते 20 आठवड्यांत काढा. त्यापुढे ते फक्त खाद्य खातात आणि माद्यांना छळतात.

वहीत दर खेपेला एवढं लिहा: गट, नराचा क्रमांक, ठेवलेली अंडी, फळलेली, निघालेली, आठव्या आणि सोळाव्या आठवड्याची वजनं, मेलेली पिल्लं आणि कारण. फळलेल्या अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांचं प्रमाण एकाच गटात सलग दोन हंगाम घसरलं आणि यंत्र तेच, खाद्य तेच असेल, तर त्या गटाचा नर बदला. तरीही सुधारलं नाही तर त्याच जातीच्या दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याकडून एक नर आणा. तो आधी एकाच गटातल्या दोन माद्यांना लावून पाहा आणि त्याची पिल्लं सोळा आठवड्यांची होईपर्यंत बाकीच्या दोन गटांत त्याचं रक्त जाऊ देऊ नका.